तोरणगल्लूला नोकरी लागलीय? सामान बांधायच्या आधी हे वाचून घ्या

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आसपास आमच्याकडे दोन-चार नवीन मराठी घरं येतात, कोण कोल्हापूरचं, कोण सांगलीचं, कोण पार नागपूरकडचं, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, पाणी कसंय, शाळा कशीय, भाजी कुठं मिळते, आपली माणसं आहेत का. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते, ज्याला लागेल त्याला पाठवता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. कंपनीच्या टाउनशिपचं गेट म्हणजे आपल्या जगाची हद्द असं धरून चालू नका. आत सगळं आहे, गार्डन आहे, दुकानं आहेत, शाळा आहे, म्हणून लोक महिनोन्महिने बाहेर पडतच नाहीत आणि मग वर्षभरात कंटाळून बदलीच्या मागे लागतात. जे पहिल्याच महिन्यात बाहेरच्या आठवडी बाजाराला जातात, चार शब्द कन्नड तोडकंमोडकं का होईना बोलतात, त्यांना हा भाग मानवतो. हे मी कितीतरी घरांच्या बाबतीत बघितलंय, त्यामुळं खाली जे लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त गेटच्या बाहेरचंच आहे.

आता जागा समजून घ्या. तोरणगल्लू हे कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातलं, संडूर तालुक्यातलं गाव. एका बाजूला बेल्लारी, दुसऱ्या बाजूला होस्पेट, दोन्ही साधारण तीस-तीस किलोमीटरवर. १९९४ साली जिंदाल विजयनगर स्टील ही पोलाद कंपनी स्थापन झाली, इथला प्लांट तिचाच, तीच आता जेएसडब्ल्यू, पण गावात आणि बसमध्ये सगळे अजून जिंदालच म्हणतात, कंडक्टरला जिंदाल सांगितलं की पुरे. २०१४ साली गावांची नावं अधिकृतपणे बळ्ळारी, होसपेटे अशी झाली त्यामुळं तिकिटावर, पाट्यांवर तशी दिसतील. आणि २०२१ साली होस्पेटचा वेगळा विजयनगर जिल्हा झाला, तोरणगल्लू मात्र बेल्लारीतच राहिलं. हे लक्षात ठेवा कारण होस्पेट जवळचं आणि ओळखीचं वाटतं म्हणून लोक कागद घेऊन तिकडं जातात आणि हात हलवत परत येतात, तुमचं तालुक्याचं काम संडूरला आणि जिल्ह्याचं बेल्लारीला.

घर, पाणी आणि धूळ

क्वार्टर मिळालं तर विद्यानगर, व्ही.व्ही. नगर, शंकरगुड्डा अशा कॉलन्या आहेत, कुठली मिळेल ते ग्रेडवर आणि नशिबावर. क्वार्टर लगेच मिळेलच असं नाही, वेटिंग असतं, तोपर्यंत बाहेर तोरणगल्लू गावात किंवा आजूबाजूला भाड्यानं राहावं लागतं. इथं मालक तुम्हाला विचारेल, रेंट का लीज? लीज म्हणजे काही लाख रुपये एकदम द्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं नाही, सोडताना रक्कम पूर्ण परत. ऐकायला फार छान वाटतं. पण मालकानं ते पैसे वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये घातलेले असतात, आणि पुढचा लीजवाला मिळाल्याशिवाय तुमचे सुटत नाहीत, तुमची बदली झाली तर तुम्ही तिकडं आणि पैसे इकडं. पहिल्या वर्षी तरी सरळ भाड्यानंच घ्या, ॲडव्हान्स किती आणि सोडताना पेंटिंगचे किती कापणार हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

बाहेर राहणार असाल तर घर बघायच्या आधी पाणी बघा. या भागात बोअरचं पाणी जड आहे आणि फ्लोराइडचा त्रास जुना आहे, लहान मुलं असतील तर बोअरचं पाणी पिण्यासाठी अजिबात वापरू नका. गावागावात सरकारी शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, नाणं टाकलं की वीस लिटरचा कॅन भरून मिळतो, बहुतेक ठिकाणी पाच रुपयांचं नाणं लागतं. दोन कॅन विकत घ्या आणि पाचच्या नाण्यांचा डबा दाराजवळ ठेवा.

धुळीबद्दल स्पष्टच सांगते. हा लोखंडाच्या खनिजाचा पट्टा आहे, ओअरचे ट्रक दिवसरात्र चालतात, आणि रस्त्याच्या कडेची झाडंसुद्धा पावसाळा सोडला तर हिरवी कमी आणि विटकरी जास्त दिसतात. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोट फिरवा, लालसर पूड येते आणि उन्हात धरली की त्यात बारीक चमक दिसते. झाडूनं ती उडते आणि परत तिथंच बसते, म्हणून आधी ओलं फडकं, मग झाडू. पांढरे पडदे, पांढरे सोफा कव्हर घरूनच आणू नका. मुलांचे पांढरे युनिफॉर्म आत फॅनखाली वाळवा. कुणाला दमा असेल तर इथं यायच्या आधी डॉक्टरांशी बोला, आणि येणारच असाल तर हायवेपासून लांबचं घर शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

ऊन कडक असतं, मार्चपासूनच चटका बसतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. पण हवा कोरडी आहे म्हणून साधा कूलर इथं छान काम करतो, सगळ्या खोल्यांना एसी घ्यायची गरज नाही. फक्त कूलरच्या जाळ्या दर आठवड्याला धुवायच्या, नाहीतर त्याच धुळीचा चिखल होतो.

शिफ्ट ही घरातल्या सगळ्यांना असते

नवरा किंवा बायको प्लांटमध्ये असेल तर साधारण सहा-दोन-दहाच्या शिफ्टा, म्हणजे सकाळची, दुपारची आणि रात्रीची, आणि जनरलवाले वेगळे. नव्या घरांना सगळ्यात जड जाते ती नाइट. माणूस सकाळी घरी येऊन झोपणार आणि नेमकं तेव्हाच भाजीवाला, कुकर, शाळेची घाई. एका खोलीला जाड गडद पडदा लावा, ती खोली झोपेसाठीच ठेवा, बेलचं बटण बंद करून दारावर चिठ्ठी लावा. कुकरची शिट्टी नवऱ्याच्या झोपेआधी नाहीतर नंतर. हे बारीक वाटतं, पण झोप न झालेला माणूस फर्नेसजवळ उभा राहणं ही भीतीची गोष्ट आहे, तेव्हा झोपेच्या बाबतीत घरच्यांनी कडक राहावं असं माझं ठाम मत आहे. वीकली ऑफ रविवारीच येईल असं नाही, म्हणून वाढदिवस, सत्यनारायण, फिरायला जाणं सगळं ऑफच्या दिवशी लावायची सवय करा. पाडवा पाडव्यालाच झाला पाहिजे असा हट्ट धरला तर दरवर्षी कुणीतरी रडतं.

खाणंपिणं

इथं आपल्यासारख्या ज्वारी खाणाऱ्यांची चंगळ आहे. ज्वारीला जोळा म्हणतात, दळून मिळते, आणि रोट्टी करून विकणाऱ्या बायका आहेत, मऊ रोट्टी रोजच्याला आणि कडक रोट्टी महिनाभर टिकणारी. सडेफटिंग असाल तर खानावळ शोधा, होस्पेट-बेल्लारीकडं लिंगायत खानावळ अशी पाटी दिसली की डोळे मिटून आत जा, रोट्टी, पल्या म्हणजे भाज्या, शेंगाचटणी, दही, पोट भरून शाकाहारी जेवण. भरल्या वांग्यासारखी एण्णेगाई मिळते, आणि गुरेळ्ळू चटणी म्हणजे आपली कारळ्याचीच. अंबाडीला पुंडी म्हणतात. कोल्हापूर-सोलापूरकडच्या माणसाला इथं जेवणाची अडचण यायचं काही कारणच नाही, पुण्या-मुंबईच्यांना महिनाभर तिखट लागेल एवढंच.

तांदूळ मात्र इथल्यासारखा घ्या. तुंगभद्रेच्या कालव्यांमुळं गंगावती, सिरगुप्पा हा सगळा भाताचा पट्टा आहे आणि सोनामसुरी तिथलीच, राइस मिलमधून पंचवीस किलोची बॅग आणली तर दुकानापेक्षा स्वस्त पडते. घेताना हळे अक्की म्हणजे जुना तांदूळ मागा, नव्याचा भात चिकट होतो.

भाजी आठवडी बाजारातून. बाजाराला संते म्हणतात, प्रत्येक गावाचा वार वेगळा, कामाला येणाऱ्या बाईंना विचारलं की पहिल्याच दिवशी कळतं. संध्याकाळी पाचनंतर जा, ऊन उतरलेलं असतं आणि शेतावरून भाजी घेऊन आलेल्या बायकांना घरी जायची घाई असते. पालेभाजीच्या जुड्या मोठ्या असतात. चुरमुरे किलोवर कमी आणि मापावर जास्त मिळतात, शेरू म्हणतात त्याला, बाई माप भरून वर शीग लावते आणि पिशवीत ओतल्यावर आणखी एक ओंजळ टाकते. तिथं घासाघीस करू नका हो, मॉलमध्ये गप्प बसून बिल भरणारी आपण माणसं दोन रुपयांसाठी त्या बाईशी वाद घालतो हे बघवत नाही.

आणि वग्गरणी-मिर्ची खाल्ल्याशिवाय तुम्ही इथले झाला असं कुणी मानणार नाही. हा इथला सकाळचा नाष्टा आहे. गाड्यावरचा माणूस चुरमुरे पाण्यात बुडवतो, लगेच दोन्ही हातांनी घट्ट पिळून काढतो, कढईत कांदा, हिरवी मिरची, हळदीची फोडणी तयारच असते, त्यात ते परततो, वरून डाळ्याची पूड भुरभुरतो, लिंबू पिळतो. बाजूच्या कढईत जाड फिकट हिरव्या मिरच्यांची भजी तळली जात असतात. कागदावर हे दोन्ही घेऊन लोक उभ्यानंच खातात, रात्रपाळी सुटलेले आणि सकाळी पहिली बस पकडणारे एकत्र. सकाळी नऊच्या आत गेलात तरच गरम मिळेल.

घरून काय आणावं तर गोडा मसाला, कांदा-लसूण चटणी वर्षाची, आमसुलं, भाजणी, आंबेमोहोर हवा असेल तर तो. बाकी साबुदाण्यापासून पोह्यापर्यंत सगळं मिळतं.

भाषा आणि माणसं

हिंदीवर आत निभतं. प्लांटमध्ये बिहार, झारखंड, ओडिशाची माणसं आहेत, सिक्युरिटीला हिंदी येतं, आणि त्यामुळंच आपली माणसं दहा-दहा वर्षं राहून कन्नड शिकत नाहीत, मला हे खरंच पटत नाही. ज्यांच्या गावात आपण राहतो त्यांच्याशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलणं एवढं तरी आपल्याकडून झालं पाहिजे. आंध्रची हद्द जवळ असल्यामुळं बेल्लारीकडं तेलुगूही सर्रास चालतं, त्यामुळं इथल्या माणसाला दोन-तीन भाषा सहज येतात आणि तुमच्या मोडक्या कन्नडला कुणी हसत नाही, उलट पुढचं वाक्य तेच शिकवतात.

सुरुवात अशी करा. बायकांना अक्का नाहीतर अम्मा, पुरुषांना अण्णा, म्हाताऱ्यांना अज्जा-अज्जी, आणि वाक्याच्या शेवटी री लावायचं, बर्री म्हणजे या, कूड्री म्हणजे बसा, त्यानं आपोआप आदर येतो. एष्टु म्हणजे किती, बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको, स्वल्प म्हणजे थोडं. कुणी भेटलं की ऊटा आय्ता विचारा, जेवण झालं का, हाच इथला नमस्कार. एवढ्यावर महिना निघतो. पुढच्या महिन्यात बसच्या पाट्या वाचायला शिका, कारण खेड्याकडच्या बसवर नाव कन्नडमध्येच असतं. अख्खी बाराखडी लगेच नको, बळ्ळारी, होसपेटे, संडूर, कूडलिगी एवढी चार नावं लिहून मोबाइलमध्ये ठेवा आणि स्टँडवर ताडून बघा.

आजूबाजूच्या गावांबद्दल थोडं मनापासून सांगायचंय. प्लांट, रस्ते, कॉलन्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती याच गावांची शेती होती. काहींना नोकरी मिळाली, काहींना कॉन्ट्रॅक्टवर काम, काहींना नाही. त्यात २०११ साली बेकायदा खाणकामाचं प्रकरण गाजलं आणि सुप्रीम कोर्टानं जिल्ह्यातलं खाणकामच बंद केलं, तेव्हा ट्रकवाले, ड्रायव्हर, हॉटेलवाले, पंक्चरवाले सगळेच एका झटक्यात बसले. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. नंतर खाणी हळूहळू सुरू झाल्या, पण तो काळ इथल्या माणसाच्या बोलण्यात अजून येतो, कुणी सांगत असेल तर ऐकून घ्या. आणि कॉलनीत बसून लोकल लोक असे, लोकल लोक तसे, ही भाषा मुलांसमोर तरी करू नका. घरकामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवायचा नाही, आठवड्याची सुट्टी द्यायची, उगादीला आणि दसऱ्याला बोनस द्यायचा. उगादी म्हणजे आपलाच पाडवा, त्याच दिवशी. लातूर-धाराशिवकडच्यांना आणखी आनंदाची गोष्ट, इथं एळ्ळमावस होते, तुमची वेळ अमावस्या, शेतात जेवायला बोलावलं तर सुट्टी टाकून जा.

कागदपत्रं

आधारवरचा पत्ता पहिल्या दोन-तीन महिन्यांत बदला. बायकांना त्याचा लगेच फायदा आहे, ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे, इथल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवलं की राज्याच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमधून बायकांना राज्यात फुकट प्रवास. होस्पेट, बेल्लारी, संडूर, हंपी, मैत्रिणींबरोबर कुठंही जा. झिरो तिकीट देतात, ते उतरेपर्यंत जपून ठेवा. मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो.

गाडीचं मात्र नीट ठरवा. एमएच नंबरची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथलं रजिस्ट्रेशन लागतं, त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी, मग बेल्लारीला केए ३४ पासिंग, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, जो जुन्या गाडीलाही चांगलाच बसतो. आपल्याकडं भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, तो अर्ज विसरू नका. नवीन गाडी घेणार असाल आणि कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच म्हणजे भारत सिरीजचा नंबर घ्या, पुढच्या बदलीला हा सगळा व्याप वाचतो.

शाळा, दवाखाना

कॉलनीच्या शाळेत इंग्लिश मीडियम, आणि कन्नड हा विषय मुलांना येतोच. पहिली-दुसरीतली मुलं पोरांत खेळून सहा महिन्यांत बोलायला लागतात, पाचवी-सहावीत आलेल्यांना मात्र सुरुवातीला शिकवणी लावा. मराठी शाळेत मिळणार नाही, ती घरीच, रोज अर्धा पान वाचन आणि आजीशी फोनवर मराठीतच बोलायचं असा नियम ठेवा. मोठ्या मुलांच्या आईवडिलांनी आठवी-नववीतच बसून हिशोब करावा, दहावी-बारावी इथं करायची का तिकडं. मेडिकलला महाराष्ट्राच्या कोट्यातून जायचं तर साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते, आणि कर्नाटकच्या सीईटीला इथं ठराविक वर्षं शिकल्याची अट असते, त्यामुळं अकरावीत अर्धवट हलवलं की मूल दोन्हीकडून लटकतं. नियम त्या-त्या वर्षीचे माहितीपुस्तक काढून वाचा, व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

तापबिप, बाळंतपण, साधं ऑपरेशन यासाठी इथं संजीवनी हॉस्पिटल आहे, मोठं काही असलं तर बेल्लारीचं सरकारी मेडिकल कॉलेज, जुनी माणसं त्याला विम्सच म्हणतात, नाहीतर हुबळी किंवा बेंगळुरू. घरात कुणाला हार्टचं, किडनीचं दुखणं असेल तर रात्री कुठं न्यायचं आणि गाडी कोण काढणार हे आधीच ठरवून, शेजाऱ्यांचे नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

सुट्टीच्या दिवशी

संडूरला पहिल्याच पावसाळ्यात जा. हे मराठी घोरपड्यांचं संस्थान, १९४९ साली विलीन झालं. खाणींचा तालुका म्हणून बदनाम आहे पण पावसात ते डोंगर बघा, कुमारस्वामीचं जुनं देऊळ बघा, नारीहळ्ळचं धरण बघा. १९३० च्या दशकात हे देऊळ सगळ्या जातींना खुलं झालं आणि गांधीजींनी त्याचं कौतुक केलं होतं. तिथंच लमाणी बायका भरतकाम करतात, संडूरच्या लमाणी कशिद्याला जीआय मिळालेला आहे, तांड्यातल्या बायका आरसे लावून जे टाके घालतात ते बघत बसावंसं वाटतं, घ्यायचं तर त्यांच्या कशिद्याच्या केंद्रातूनच घ्या म्हणजे पैसे त्यांना पोचतात.

हंपी तर दारातच आहे, पण पाहुणे आले की धावत दाखवायची जागा असं करू नका, एका वेळी एकच भाग बघा, हिवाळ्यात, सकाळी लवकर. विठ्ठल मंदिरात मूर्ती नाही, आणि वारकरी परंपरेत सांगतात की पंढरीचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, सासू-सासरे आले तर त्यांना आधी तिथं न्या. दरोजीला अस्वलांचं अभयारण्य आहे, दुपारनंतर टॉवरवरून अस्वलं दिसतात, दुर्बीण न्या. होस्पेटचं तुंगभद्रा धरण ऑगस्टमध्ये भरलं की दारं उघडतात, तेहेतीस दारं आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यातलं एकोणिसावं दार साखळी तुटून वाहून गेलं होतं, तेव्हा खालच्या शेतकऱ्यांच्या जीवाला जो घोर लागला तो इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येत होता.

गावी जाताना कोल्हापूर-सांगलीवाल्यांना हरिप्रिया एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, तिरुपतीहून येते, बेल्लारी-होस्पेट-हुबळी-बेळगाव-मिरज करत थेट कोल्हापूरला. पुण्याला जायचं तर मिरजेला नाहीतर हुबळीला गाडी बदला. स्वतःच्या गाडीनं कोल्हापूरला कोप्पळ-गदग-हुबळी-बेळगाव, आणि सोलापूरवाल्यांनी होस्पेटहून कुष्टगी, हुनगुंद, विजापूर असं वर जावं. होस्पेटपर्यंतच्या पट्ट्यात रात्री ओअरचे ट्रक असतात, कडेला लाइट न लावता उभे केलेलेही असतात, म्हणून मुलंबाळं घेऊन निघायचं तर पहाटे उजाडायला लागल्यावरच निघा. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, दिवाळी आणि मेची तिकिटं त्याच दिवशी सकाळी काढा, कारण हरिप्रियाला तिरुपतीचे भाविक असतात आणि ती वर्षभर भरलेलीच असते.